जिनाचा सेंटर फॉरवर्ड

कापसाच्या जिनात काम करणाऱ्याच्या भुवयांवर रुई बसते. झटकली तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा बसतेच. किस्स्यांचंही तसंच आहे, कोणी मुद्दाम गोळा करत नाही. जुने चार गडी भेटले की कोणीतरी म्हणतं, "बापूभाऊ, करीमचा तो बुटाचा सांगा ना!" मी सांगतो. सगळे हसतात. मीही हसतो, पण एका ठिकाणापर्यंतच. त्याच्या पुढचे कोणी मागत नाही आणि मीही आपण होऊन सांगत नाही. आज बसलाच आहात, तर सगळेच ऐका.

खामगावला एका जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात मी काट्यावर कारकून होतो. वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा ते दिवस. दिवाळी ते होळी मरणाचं काम, आणि पावसाळ्यात जिन बंद. आमचे छोटे शेट शिकायला नागपूरला गेले होते. चार वर्षांनी परत आले ते डिग्री न घेता फुटबॉल घेऊन आले!

त्यांनी जिनाची टीम काढली. प्रेसवरचा गणपत मिस्तरी फुलबॅक. मी गोलकी, कारण माझं पोट. "निदान तेवढी जागा तरी अडते," असं छोटे शेट म्हणायचे. पुढे गोल मारणारा मात्र कोणीच नव्हता. आम्ही अकोल्याला हरलो, मलकापूरला हरलो, आणि शेगावला नुसती मॅच बघायला गेलो तर तिथे आग्रह करून खेळवलं आणि हरवलं.

*

छोटे शेट कापसाचा अंदाज घ्यायला मेहकरकडे गेले होते. डोणगावला बाजार भरलेला. दाऊद पिंजाऱ्याचा पोरगा करीम, सतरा-अठरा वर्षांचा, बाजाराच्या कडेला चिंध्यांचा चेंडू खेळत होता. त्यानं एक लाथ हाणली. चेंडू सगळ्या गर्दीच्या डोक्यावरून गेला तो थेट भजेवाल्याच्या कढईत!

भजेवाला झारा घेऊन धावला, "पकडा त्याले!"

त्याच्या मागे छोटे शेट धावले, "पकडा त्याले!"

दोघांनीही पकडला. भजेवाल्यानं दोन ठेवून दिल्या आणि शेटनी नोकरी दिली.

*

आता नोकरी म्हणजे काय, तर खेळायचं. पण फक्त खेळायला पगारी माणूस ठेवायची आमच्याकडे उघड रीत नव्हती, म्हणून करीम नावाला जिनाचा मजूर. एकदा नागपूरहून फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. सगळे घामाघूम, आणि हा रुईच्या गाठींवर आडवा पडलेला.

"तू काय काम करतोस?"

करीम उठून उभा राहिला. खोटं बोलायची सवय नाही. "गोल करतो, साहेब."

आमच्याकडे माल गोल करणं म्हणजे माल गायब करणं! हेडक्लार्कच्या तोंडचं पाणी पळालं.

"कशाचा गोल करतोस?" इन्स्पेक्टरचा चष्मा नाकावर आला.

"जसा जमन तसा. मांगच्या महिन्यात अकोल्याले तीन केले."

"मालकाला माहीत आहे हे?"

"साहेब, त्यायनंच तं त्यासाठी ठेवलं मले!"

*

हा बुटाचा. आम्ही सगळे अनवाणीच खेळायचो. अमरावतीला मात्र रेफ्री होता गोरा पोलीस कप्तान. बूट नाही तर खेळ नाही, म्हणाला. छोटे शेटनी धावाधाव करून कोणाचे तरी बूट आणले. करीमच्या पायाला ते दोन बोटं मोठे. नाड्या बांधायच्या असतात हे त्याला माहीत नव्हतं, आणि आम्हाला तरी कुठं होतं!

शिट्टी झाली. करीमनं दोघांना चुकवलं आणि पाय फिरवला. बॉल सुटला, त्याच्या मागोमाग बूटही सुटला. गोलकीला दोन वस्तू येताना दिसल्या. गडी तरबेज होता. त्यानं झेप घेतली आणि बूट पकडला!

बॉल जाळीत, आणि हा बूट छातीशी धरून रेफ्रीला ओरडून सांगतोय, "पकडला! पकडला!"

*

करीमचे अब्बा, दाऊदचाचा, आयुष्यात एकच मॅच बघायला आले. पावसाळ्यात, खामगावलाच होती. गाद्या-रजयांचा कापूस पिंजून पिंजून छातीत धूळ भरलेली, सारखे खोकायचे. छत्री घेऊन कडेला बसले.

समोरच्या टीमचा फुलबॅक आडदांड होता. करीमकडे बॉल आला की तो बॉलऐवजी करीमचा उजवा गुडघाच शोधायचा. एकदा हाणला, दोनदा हाणला. तिसऱ्यांदा चाचा छत्री उघडून मैदानात!

"माह्या पोराले काऊन मारून राह्यला बे?"

"चाचा, खेळ हाय तो."

"मंग खेळा ना. मी कोणाले आडवा येत नाही." आणि चाचा पोराच्या बाजूला छत्री धरून उभे राहिले. करीम धावला की चाचाही धावायचे. रेफ्रीनं शिट्टी फुंकली आणि हात वर करून ओरडला, "ऑफसाइड!"

चाचा भडकले. "ऑफसाइड कायले? मी माह्या पोराच्या साइडले हाय!"

आठवडाभर आम्ही हेच एकमेकांना सांगत होतो आणि पोट धरून हसत होतो. करीमही हसायचा. इकडे त्याचा गुडघा सुजत चालला होता आणि ते आमच्यापैकी कोणी मनावर घेतलं नाही.

*

लोक मागतात ते किस्से इथवरचे.

त्याच पावसाळ्यात मुंबईच्या एका मिलच्या टीमचा निरोप आला. त्यांचे सेक्रेटरी करीमचा खेळ बघायला येणार होते. पसंत पडला तर मिलमध्ये पक्की नोकरी, राहायला खोली आणि मुंबईच्या मैदानावर खेळायचं. करीमला झोप येईना. "बापूभाऊ, एकडाव मुंबईले लागलो का अब्बाचं पिंजण खुंटीले टांगतो. लय खोकून राह्यले ते." मला त्याचा हेवा वाटला आणि अभिमानही वाटला.

चाचांनी तर निरोप मिळाल्या दिवशीच डोणगावच्या बाजारात जाहीर केलं, "पोरगं मुंबईले चाललं!" भजेवाल्यानं त्यांना फुकट भजी खाऊ घातली म्हणे.

गुडघ्याला सगळ्यांचे उपाय झाले. मिस्तरीनं विटेचा शेक दिला, छोटे शेटनी विलायती मलम आणलं. शेवटी साखरखेर्ड्याहून हाडवैद्य बोलावला. म्हाताऱ्यानं गुडघा दाबला, वाकवला, आणि म्हणाला, "दिवाळीपर्यंत पळायचं नाही."

छोटे शेट वैतागले. "अहो, ते लोक परवा येऊन राह्यले! मुंबईचा प्रश्न आहे!"

म्हाताऱ्यानं आपली झोळी उचलली. "मुंबईले काय पाठवायचं हाय ते ठरवा. पोरगं का गुडघा? दोन्ही नाही जात."

*

सेक्रेटरीसाहेब आले. पुण्याचा माणूस, कोट-टोपी, बोलणं मऊ. मी त्यांना वाईट म्हणणार नाही, कारण ते वाईट नव्हतेच.

पहिल्या हाफमध्ये करीमनं असा गोल मारला की साहेब खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवू लागले. पण हाफटाइमला तो लंगडत बाहेर आला. ते साहेबांच्या नजरेतून सुटलं नाही. ते स्वतः चालत आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही सगळे भोवती.

"गुडघा कसा आहे, बाळ? अगदी खरं सांग. मी पसंती देऊन टाकली आहे, आता नाही खेळलास तरी चालेल."

पसंती हा शब्द करीमच्या कानात कितपत शिरला देव जाणे. पण खरं सांग म्हटल्यावर त्यानं खरंच सांगितलं. "दुखून राह्यला, साहेब."

साहेबांचा चेहरा उजळला. "राहिला ना? छान! मग उतर बिनधास्त."

करीमनं आमच्याकडे पाहिलं. दुखतंय म्हणून सांगितलं, तरी साहेब उतर म्हणतात. मोठी माणसं, त्यांना जास्त कळत असेल. मुंबईत असंच खेळत असतील. तो उतरला.

दुसऱ्या हाफमध्ये एका उंच बॉलसाठी त्यानं उडी मारली. खाली आला तो पायावर आलाच नाही. गुडघ्याचा आवाज मला पार गोलमध्ये ऐकू आला.

संध्याकाळी जिनातल्या खोलीत करीम खाटेवर पडलेला आणि साहेब उभे. "मी विचारलं होतं त्याला! तुम्हा सगळ्यांसमोर विचारलं! तो स्वतः म्हणाला, दुखायचा राहिला!"

मग गणपत मिस्तरी हळूच म्हणाला, "साहेब, तुमच्याकडं राहिला म्हंजे थांबला का?"

"मग?"

"आमच्याकडं राह्यला म्हंजे सुरू हाय."

साहेब खाटेच्या कडेला बसले. आमच्यात एकटा करीम हसला. खूप वेळ हसत होता. मला अजूनही या गोष्टीचा राग येतो, पण कोणावर काढावा तेच समजत नाही.

*

मुंबईच्या टीमनं दुसरा फॉरवर्ड घेतला. छोटे शेटनी पुढच्या वर्षी टेनिस धरलं. करीमचा पाय जुळला, पण गुडघा वाकेना. हिवाळाभर तो जिनातल्या खोलीतच राहिला. घरी जा म्हटलं की म्हणायचा, "जातो ना. घाई काय हाय?" उन्हाळ्यात एक दिवस कोणाला न सांगता गेला.

दोन वर्षांनी मी मेहकरला काही कामानं गेलो होतो. तिथून डोणगावला गेलो. दाऊदचाचांचं घर विचारावं लागलं नाही. पिंजणाचा आवाज येत होता, आणि मधून मधून खोकल्याचा.

ओट्यावर बाप-लेक बसलेले. चाचा पिंजत होते आणि करीम पाय सरळ लांब करून पिंजलेला कापूस खोळीत भरत होता. मला पाहिलं तसा तो मोठ्यानं बोलला, "या बापूभाऊ! मुंबईहून कवा आले?"

मी काही बोलणार तेवढ्यात त्यानं डोळ्यांनीच मला विनवलं. मग माझ्या लक्षात आलं. सगळ्या बाजारात मुंबई जाहीर झाली होती. ती त्यानं मोडली नव्हती. घरच्यांच्या लेखी तो मुंबईला गेला होता, तिथे खेळला होता आणि तिथेच पडला होता.

"कालच आलो," मी म्हणालो.

चाचांनी मला बसायला गोणपाट झटकून दिलं. "तुम्हीबी होते ना याच्यासंग तिथं? हा काई धड सांगत नाही. सांगा तुम्ही."

मग मी सांगायला लागलो. मिलचं मैदान सांगितलं, हिरवंगार. लोक सांगितले, झाडांवर चढून बसलेले. करीमनं ट्राम सांगितली. मी गोल सांगितले, एकेक रंगवून, आणि अमरावतीचा बुटाचा गोलही मुंबईला नेऊन ठेवला. करीमचा चेहरा इतका फुलला की मला थांबवेना. आम्हा दोघांपैकी भुसावळच्या पलीकडे कोणीही गेलेलं नव्हतं.

चाचा ऐकत होते. त्यांनी पिंजण थांबवलं.

"अन् समुद्र?" त्यांनी विचारलं. "मैदानावरून कोणत्या बाजूले दिसे?"

करीमनं आणि मी एकदमच हात केला. त्यानं उजवीकडे आणि मी डावीकडे.

चाचांनी आधी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या. मग मान खाली घालून पुन्हा पिंजायला घेतलं.

"लय मोठा असन मंग," ते म्हणाले.