पहिल्या किकेत सुरू होणारी गाडी

मित्रांनो, आज पेडगावात लय गारठा होता. दूध घालायला परभणीला निघालो, तर गाडी सुरूच होईना. वीसेक किका मारल्या, प्लग काढून पुसला. मला घाम फुटला, पण गाडी ढिम्म.

दिवाळीनंतर आमा दोघा भावांची वाटणी झाली. गाडी माझ्या वाट्याला आली अन् अंगणात मधोमध भिंत आली. तेव्हापासून दादा अन् मी बोलत नाही.

इतकी वर्षं हीच गाडी ऐन थंडीत माझ्या पहिल्या किकेत सुरू व्हायची. मी गावभर तिचं कौतुक सांगायचो.

तेवढ्यात भिंतीपलीकडून दादाचा आवाज आला, "चावी बंद ठेवून चार किका मार. मग चोक वढ अन् चावी लाव. रोज तू उठायच्या आधी मीच गरम करून ठेवत होतो."

तसं केलं. गाडी सुरू झाली.

"दादा, चहा घ्यायला ये," एवढं ओठावर आलं होतं. पण तसाच निघून गेलो.

आता परत येऊन भिंतीजवळ बसलोय. पलीकडं दादा खोकायलाय. त्याला सांगायचं ते तुमाला सांगायलोय.

पहिली हाक कशी मारायची असते?