नापास जावई

भोकरदनजवळच्या आमच्या गावात कबड्डीसाठी बाहेरगावचे खेळाडू आणायचे ते इंद्रभानतात्यांनीच. स्पर्धा संपली की पंगतीत ते एकेकाला तोंडावर पास-नापास सांगत, भीडभाड ठेवत नसत. चौऱ्याण्णव साली त्यांनी स्वतःचाच जावई, मच्छिंद्र, खेळायला आणला. तो प्रत्येक चढाईत बाद झाला. आता जावयाला नापास कोण म्हणणार? पंगतीत सगळे खाली मान घालून जेवत होते.

तात्या म्हणाले, "जावईबापू, तुम्ही नापास. पुढल्या साली नुसतं जेवायला या."

मच्छिंद्रचे खांदे सैल पडले. "बरं झालं मामा. गुडघा दुखून राह्यला. पन सासुरवाडीला न्हाई कसं म्हनू?"

आणि जावई असून आग्रहाची वाट न बघता त्यानं स्वतःच पुरणपोळी मागितली.