भरीत कुटताना न हलणारं टेबल

मी केलेलं टेबल पुरं झाल्यापासून आजवर एकदाही हललेलं नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पुढे त्याच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फारसं काही नाही.

ते करायचं कारण आबा. माझे वडील एरंडोलजवळचं गाव सोडून आमच्याकडे मेहरूणला राहायला आले आणि त्यांच्या गुडघ्यांनी मांडी घालायला साफ नकार दिला. आम्ही सगळे खाली पंगतीला आणि आबा एकटे कोपऱ्यातल्या खाटेवर, आमच्या टाळक्यांकडे बघत जेवायचे. एकदा घास हातात धरून म्हणाले, "मी पाहुना शे का रे भाऊ?"

मला फार लागलं ते.

"तयार टेबल आणू या ना," माझी बायको मंगला म्हणाली.

"तयार टेबलावर भरीत कुटता येईल?" (इथेच माझा घात झाला.)

थंडीत पाहुणे आले की आमच्याकडे भरीत. भाजलेली वांगी बडगीत, म्हणजे लाकडी द्रोणीत, घालून दणादण कुटायची. तो दणका सोसेल असंच टेबल करायचं मी ठरवलं. शेतातल्या कडुनिंबाच्या जाड फळ्या आणल्या. चार पायांना आडव्या पट्ट्या ठोकल्या. तरी जरा हललं, म्हणून तिरक्या ठोकल्या. तरी मनाची खात्री पटेना, म्हणून चारही बाजूंनी खालपर्यंत फळ्या मारल्या. पाइपच्या कारखान्यात मी गळती तपासतो, त्यामुळे फट दिसली की मला चैन पडत नाही.

उद्‌घाटनाला धुळ्याहून माझा मेहुणा दिलीप सहकुटुंब आला. त्याने टेबलावर चढून चार उड्या मारल्या. मग मंगलाने त्यावर भरीत कुटलं. शेजारच्या वाटीतलं तेलसुद्धा हललं नाही! मी सगळ्यांकडे असा बघत होतो, जणू वांगीही मीच पिकवली होती.

ताटं मांडली. आबा नवी टोपी घालून पहिल्या खुर्चीवर बसले. मी खुर्ची पुढे सरकवली. ठक्. गुडघे फळीवर आपटले. खुर्ची मागे घेतली, तर ताट हातभर लांब. आडवं बसवलं, तर आबांचं तोंड भिंतीकडे.

"टेबल झकास शे," आबा गुडघा चोळत म्हणाले, "पन मना पाय कोठे ठेवू?"

दिलीपने वाकून पाहिलं.

"दाजी, हे करताना एकदा तरी बसून बघितलं होतं का?"

"उभा राहून बघितलं होतं," मी म्हणालो.

मंगलाने आबांचं ताट उचललं आणि खाटेकडे निघाली. तेवढ्यात आबा उठले, टेबलाच्या कडेवर सावकाश टेकले आणि पाय खाली सोडले. टेबल उंच असल्यामुळे बसताना गुडघे फार वाकवावेच लागले नाहीत.

"मंगल, ताट आठेच आन. मी आठे बसस. या बठ्ठा."

सगळ्यांनाच बोलावलं म्हटल्यावर आम्हीही टेबलाच्या चारही कडांना पाय सोडून बसलो. ताटं मांडीवर, मधोमध भरताची बडगी. आबांनी तिसरी पुरी मागून घेतली. टेबल हललं नाही.

तेव्हापासून आबा रोज आमच्यात बसून जेवतात. मांडीला ताटाचा चटका बसतो म्हणून मंगलाने ताटं ठेवायला माझ्या टेबलासमोर दुकानातलं एक तयार टेबल आणून ठेवलंय. ते जरा हलतं, पण त्याविषयी बोलायची मला घरात बंदी आहे.