तुरीचा भाव आणि आरमार

कळंबच्या मोंढ्यात माझी धान्याची अडत आहे. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही चपला हातात धरून. तरी आरमार कशासाठी असतं यावर मी हल्ली दुकानात रोज बोलतो. कारण थोरला मुलगा युद्धनौकेवर आहे, आणि तिकडं मालाच्या जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून त्याचा फोन नाही.

मेव्हणे फौजेतून निवृत्त झालेले. लोडाला टेकून म्हणाले, "दाजी, आरमार म्हंजे दुश्मनाला धाक. तोफ दिसली की निम्मं काम तिथंच होतंय."

"तसं न्हाय वो." मी नमुन्याची तूर गादीवर पसरली. "ही आफ्रिका, हा आपला धक्का. मधली वाट मोकळी ठेवायची, मालाची जहाजं सुखरूप आणायची, हेच आजचं खरं काम."

"मग पोरगं काय राखणदार हाय?"

"व्हय, राखणदारच."

"कुणाच्या मालाचा?"

मी पसरलेली तूर गोळा करू लागलो. त्याच जहाजांतून परदेशी तूर येते. ती आली की इथला भाव पडतो, म्हणून जहाजं अडकावीत यासाठी सगळा मोंढा देव पाण्यात घालून बसलेला. माझंही गोदाम भरलेलं. पोरगं जे पोचवायला गेलंय ते पोचूच नये, अशी बापाची दुकानदारी!

त्या दिवसापासून मी उलटा व्यापारी झालो. भाव उतरला म्हणजे जहाज धक्क्याला लागलं, जहाज लागलं म्हणजे वाट मोकळी, वाट मोकळी म्हणजे पोरगं धड आहे. सौद्यात तूर पडली की बाकीचे अडते कपाळाला हात लावत, आणि मी सगळ्यांना चहा सांगे.

"दाजींचं डोस्कं फिरलंय," मेव्हणे म्हणत. चहा मात्र पीत.

काल भाव चढतच गेला. जहाजं पुढं येईनात, एवढंच कळलं. तेजी आली की आमच्यात पेढे वाटतात. कुणीतरी माझ्याही हातावर कुंथलगिरीचा पेढा ठेवला. मेव्हण्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही.

पेढा खाववेना, टाकवेना. तसाच मुठीत धरून घरी आलो. बायको दारात उभी होती. तिनं माझी मूठ उघडली, पेढा पाहिला, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा फुलला.

"फोन आला व्हय वो त्याचा?"