माझ्या चालीचं कार्टून

हसणार नसाल तर सांगते. अशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये. जावेची झाली असती तर चाललं असतं.

तेव्हा मी सुक्या बोंबलांची टोपली डोक्यावर घेऊन चिंचणीहून वाणगावला विकायला जायची. एकदा मुंबईचा एक चित्रकार कॅमेरा घेऊन गावात आला. घाण पाण्याने हगवण होते, त्यावर त्याला दवाखान्यासाठी कार्टून करायचं होतं. म्हणाला, "मावशी, तुमची चाल पाहिजे." आधी कॅमेऱ्यात माझं चालणं घ्यायचं, मग फिल्ममधला एकेक फोटो काचेवर ठेवायचा, खालून दिवा, वर पातळ कागद, आणि माणूस गिरवून काढायचा. युक्ती जुनी म्हणे. परदेशात मुक्या सिनेमाच्या काळात एकाने सख्ख्या भावाला विदूषकाचे कपडे घालून नाचवलं आणि त्याच्यावर गिरवलं.

मी विचारलं, "आनि तोंड?"

"तोंड आम्ही आमच्या मनाचं काढणार."

"काड बाबा. नाक जरा सरल काड."

जाऊ हिरा म्हणाली, तुला कोण घेतो सिनेमात? मग काय, मी गावभर सांगत सुटले की मी हिरॉईन आहे. हिराच्याच पाटल्या मागून घातल्या, पावडर थापली आणि वाळूत नाजूक नाजूक चालले. चित्रकाराने कपाळाला हात लावला. मी वैतागून टोपली खाली ठेवली, तर कुत्र्याने बोंबील पळवला. मी पदर खोचला आणि त्याच्या सात पिढ्या उद्धारत तरातरा मागे निघाले. कॅमेरा चालूच होता. चित्रकार खूश. म्हणाला, मिळाली चाल!

चार महिन्यांनी शाळेत कार्टून दाखवलं, खिडक्यांना गोधड्या टांगून. मी पुढे, हिरा शेजारी. पडद्यावर एक गोरी नर्सबाई आली, सरळ नाकाची. मी हिराला कोपर मारलं, "बग, मी."

मग आली हगवणीची राक्षसीण. हिरवीगार, दात बाहेर, पाणी न उकळता पिणाऱ्या पोरांच्या मागे लागलेली. मला हसू आवरेना. मोठ्याने म्हटलं, "हिची चाल बगा, भरतीत होडी हलते तशी!"

कोणीच हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

हिरा हळूच म्हणाली, "बाय, ती तूच हाय. उजवा पाय बग कसा फेकते."

दुसऱ्या दिवसापासून मी दिसले की पोरं घरात पळायची आणि उकळलेलं पाणी गटागटा प्यायची. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, इतकी वर्षं आम्ही घसा कोरडा केला ते फुकट, तुम्ही फक्त रोज एक फेरी मारत जा.