मी लावलेला सा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आता तुम्ही हसाल. बापूने न सांगितलेलं काही शिल्लक असतं का? डोंबिवलीत माझी ख्यातीच अशी, की मी खाडीत मासा पकडला तर त्याची शेपटी मुंब्र्याच्या डोंगराला अडकते. सगळ्यांना सगळं सांगत आलो, आणि बहुतेक सगळं वाढवून. पण हे नाही. ह्याच्या जागी मी एक बनवलेली गोष्ट सांगत आलो—ती तुमच्याही कानावर आली असेल.

ती अशी. गणपतीत आमच्या सदाशिवने एक विलायती धर्तीची रचना वाजवली. तिच्यात सा नव्हता. लोक एवढे कावले की मांडवाचे बांबू उपटायला निघाले. खुद्द गणपतीने सुपाएवढे कान दुमडून घेतले. शेवटी सदा टरकला, त्याने मला डोळा मारला, मी ऑर्गनवर दणदणीत सा लावला आणि मांडव वाचवला. ह्या गोष्टीवर मी आयुष्यभर लोकांचा चहा प्यायलोय.

खरं काय झालं? थांबा, सदाशिव कोण ते आधी सांगतो. टाळतोय असं वाटतंय ना? टाळतोयच.

स्वातंत्र्यानंतरची पाच-सहा वर्षं उलटलेली. सदाशिव मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात कामाला, मी ठाण्याला कचेरीत कारकून. राहायला एकाच चाळीत. तो व्हायोलिन वाजवायचा, मी हौशी नाटकमंडळीत ऑर्गन. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला एक गोरा इंजिनिअर परत जाताना त्याला काही तबकड्या देऊन गेला. व्हिएन्नाकडच्या कोणा रचनाकाराच्या. त्याचं नाव आम्हा दोघांनाही धड उच्चारता येईना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून ग्रामोफोनची पिन बदलली. पुन्हा ऐकलं, पुन्हा बदलायला उठलो. सदा म्हणाला, "बापू, पिन ठीक आहे. तू खाली बस."

मग त्याने समजावलं. ह्या माणसाने सा काढूनच टाकलाय. बाराही सूर सारखे, कोणी कोणाकडे परत जायचं नाही. मी म्हटलं, "म्हणजे चाळीचा मालकच पळाला? मग भाडं कोणाला द्यायचं रे?" तो हसला नाही. एके जागी वर चढून तुटणारा एक सूर होता, तिथे बोट उचलून म्हणाला, "हे ओरडणं नाही. ओरडायच्या आधी घशात जे होतं ना, ते." आणि खालची ती घरघर? ती म्हणजे रिकाम्या खोलीत कोणीतरी उभं आहे असं वाटणं. मध्येच सगळं थांबायचं ते? नाव विसरणं. स्वतःचं. प्रत्येक आवाजाचा तो असा अर्थ लावायचा, आणि मी तबकडीकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघायचो. कारण हे त्याला कुठून कळतंय, ते मला ठाऊक होतं.

त्याची बायको कमल ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात होती. चाळीत सांगितलेलं, की माहेरी आहे, दापोलीकडे. खरं फक्त मला माहीत. रविवारी तो भेटायला जायचा, मी सोबतीला. वहिनी कधी ओळखायच्या—"बापूभावजी, आज कोणती थाप आणलीत?"—कधी नुसत्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

सदाने त्या तबकड्यांच्या वाटेने स्वतःची रचना बांधायला घेतली, ती वहिनींचीच. तो त्यांना ती गुणगुणून दाखवायचा. एकदा शेवटाला, सवयीने, तो सा-वर येऊन थांबला. वहिनींनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. "उगाच बरं करू नका," म्हणाल्या. मी तिथे होतो. ह्यात मी एक अक्षर वाढवलेलं नाही.

म्हणून शेवट असा ठरला: व्हायोलिन थांबणार, ऑर्गनचा एकच सूर मागे उरणार. लोकांचे कान कुठे ना कुठे सा धरून बसतीलच, सदा म्हणायचा, आणि मग हा सूर त्यांना नी वाटेल—घराच्या उंबऱ्याशी येऊन उभा. त्याला तिथेच राहू द्यायचं. मी पायाने भाता मारायचं थांबवायचं. हवा संपेल तसा तो विझेल. "काही झालं तरी सा लावू नकोस, बापू. तो लागला, की कमल सांगतेय ते सगळं खोटं ठरलं." मी वचन दिलं. माझ्या वचनाला काय किंमत, असं म्हणाल. पण ते मी खरं दिलेलं.

तर, गणपतीतली ती संध्याकाळ. मंडळींनी मायेने तंबोरा जुळवून ठेवलेला. सदाने तो नको म्हटलं, तिथेच लोकांचं बिनसलं. बांबूबिंबू कोणी उपटले नाहीत. आधी कुजबुज. मग पोरं खिदळायला लागली. मग एक म्हातारा अगदी सभ्यपणे म्हणाला, "अहो, वाद्यं लावून झाली असतील तर आता सुरू करा!" मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू? तरी आम्ही वाजवत राहिलो. शेवटाशी आलो. व्हायोलिन थांबलं, माझा सूर उरला, आणि मागून आवाज आला—"ठाण्याला न्या रे ह्याला! आणि त्या पेटीवाल्यालापण!"

ओरडणाऱ्याला काही माहीत नव्हतं. आमच्याकडे कोणी जरा वेगळं वागलं की असं म्हणतातच. मीही शंभरदा म्हटलेलं. पण हशा असा उसळला, की—मी काय विचार केला असेल? सदाचा? वहिनींचा? नाही हो. 'पेटीवाल्यालापण' एवढंच मला ऐकू आलं. हसणारी माणसं मला फार आवडतात. पण मी हसवलेली.

मी सदाकडे पाहिलं. त्याने कसलीही खूण केली नाही. त्याचे डोळे मिटलेले होते. गज तारांवरून उचललेला, आणि तो सूर विझायची वाट बघत उभा होता.

मी बोट सरकवलं. सा. दुसऱ्या हाताने वर पंचम. भाता जोरात.

अख्ख्या मांडवाने श्वास सोडला. टाळ्या पडल्या. सदाने डोळे उघडले. माझ्याकडे नाही, माझ्या बोटांकडे बघितलं.

डोळा मारल्याची गोष्ट त्याच आठवड्यातली. कोणीतरी विचारलं, शेवटचं ते छान वाजलं ते कसं काय? आणि माझ्या तोंडून निघून गेलं. म्हणजे—निघून नाही गेलं. मी काढलं. स्टेशनजवळच्या हॉटेलात चहावर रंगवून सांगत बसलेलो, तेवढ्यात सदा आत आला. कोणीतरी हाक मारली, "काय रे सदाशिव, म्हणे शेवटी टरकलास आणि बापूला डोळा मारलास?"

सदा माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याला एकच शब्द बोलायचा होता: नाही. पण तो बोलला असता, तर सा का नको होता ते सांगावं लागलं असतं. मग दापोली निघाली असती, मग ठाणं. हे मला गोष्ट सांगतानाच माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर इतका बिनधास्त सांगत होतो.

"हो," तो म्हणाला, "मीच खूण केली."

सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

ती रचना त्याने पुन्हा वाजवली नाही. तबकड्या कोणाला तरी देऊन टाकल्या. पुढच्या रविवारी तो ठाण्याला गेला. मी काहीतरी काम काढलं. त्याच्या पुढच्या रविवारीही काढलं. वहिनींनी शेवट कसा झाला ते विचारलं असेलच. त्याने काय सांगितलं, मला माहीत नाही. तो त्यांच्यासमोर बसला असेल त्या वेळी मी कल्याणला एकांच्या ओटीवर माणसं जमवून बसलेलो, आणि गोष्ट त्या जागेवर आली की डोळा मिचकावून दाखवत होतो—सदाने कसा मारला ते.