उजव्या गालातलं दुखणं

गादीवाल्या वहिनींचं उभं आयुष्य कापसात गेलं. नवरा गेल्यावर दुकान त्यांनी आणि नणंदेनं मिळून सावरलं. वहिनी गाद्या भरून टाके घालायच्या, नणंद खोळी शिवायची.

एका वर्षी सर्दीनं मुक्कामच ठोकला. उजवा गाल जड. टाके घालायला वाकलं की ठणका. त्याच नाकपुडीतून घाण वासाचा पिवळा शेंबूड. वाफारे झाले, औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या झाल्या. चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या! "कापूस बाधला," जो तो म्हणे. वहिनींनाही पटलं. कापूस पिंजायचं यंत्र विकायची बोलणी सुरू झाली.

नणंद अडून बसली. "गिऱ्हाइकाला मी थोपवते. आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे चल. विकायचं तर कारण कळल्यावर विकू."

डॉक्टरीणबाईंनी नाकात बारीक दुर्बीण घालून पाहिलं. "साध्या सर्दीनं सायनस सुजली तर बहुतेकदा आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते, अँटिबायोटिकही लागत नाही. कापसाची अ‍ॅलर्जी असती तर बहुधा दोन्ही नाकपुड्या वाहिल्या असत्या, शिंका आल्या असत्या. तीन महिन्यांवर गेलं की आम्ही त्याला जुनाट म्हणतो. तुमचं जुनाट आहे, पण एकाच बाजूचं. वरच्या दाढेचं काही काम केलंय?"

"अहो, मी नाक दाखवायला आले!" वहिनी म्हणाल्या. पण उजवीकडची एक दाढ भरलेली होती खरी.

स्कॅनमध्ये उलगडा झाला. दाढेचं मूळ आणि गालातली सायनसची पोकळी यांच्यामध्ये पापुद्र्याएवढंच हाड असतं. भरलेल्या दाढेखाली मुरलेला पू ते ओलांडून वर शिरला होता.

दाताच्या डॉक्टरांनी दाढ काढली. गोळ्यांचा कोर्स पुरा करायचा, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं रोज नाक धुवायचं. "एवढ्यानं भागलं नाही, तर दुर्बिणीतून ऑपरेशन," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ती वेळ आली नाही.

एका सकाळी त्या गादीवर वाकल्या. एक टाका घातला, दुसरा घातला, अख्खी कड शिवून झाली. ठणका नाहीच! त्यांना रडूच कोसळलं.

नणंद धावत आली. काय झालं ते कळल्यावर हसत सुटली. "नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. तुझं उलटंच, तोंड उघडलं तेव्हा नाक मोकळं झालं!"

"तू अडून बसली नसतीस, तर यंत्र गेलं असतं आणि दुखणं तसंच राहिलं असतं गं."

"बरं, बरं. आता नाकाला फडकं बांध, धूळ ती धूळच."

पुढच्या तपासणीला वहिनी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याबाहेरच्या बाकासाठी जाड गादी घेऊन गेल्या. बाईंनी बसून पाहिलं. "अहो, पेशंट आता उठायचे नाहीत!"

"बसू देत की," वहिनी म्हणाल्या. "दुखणं घेऊन आलेल्या माणसाला बसायला तरी मऊ असावं."